कागदावर मी अजून पुण्यात

१२ जानेवारी, सोमवार
पोर्टल उघडलं. तेच. ‘इन प्रोसेस’. पाच महिने झाले. निखिलच्या वर्क परमिटवर बायको म्हणून मला जे परमिट मिळायचंय, ते कुठल्या ढिगाखाली आहे देव जाणे. तोवर मी कॅनडात व्हिजिटर. इथल्या कुणाकडे नोकरी करायची नाही. पुण्याचं काम पुण्याच्या पगारावर इथून केलं तर चालतं, असं व्हिसाच्या कन्सल्टंटने तीनदा सांगितलंय. म्हणून पहाटे पाचला बेसमेंटमध्ये शाल गुंडाळून लॅपटॉपपुढे. पाच जणांची टीम पुण्यात, त्यांची लीड मी, इथे स्कारबरोत. आई म्हणते, उंटावरून शेळ्या हाक.

२५ जानेवारी, रविवार
सकाळी बर्फ शोव्हल केला, कंबर गेली. दुपारी इथल्याच एका मराठी बाईंकडे हळदीकुंकू. वाण म्हणून विंडशील्ड खरवडायचं स्क्रेपर! आवडलं.
“तुम्ही काय करता?” त्यांनी विचारलं.
“पुण्याच्या कंपनीत आहे. इथलं परमिट यायचंय.”
“म्हणजे सध्या घरीच.”
घरीच काय! अकरा वर्षं झाली नोकरीला. ट्रेनी म्हणून लागले, आज अख्खं बिलिंग सॉफ्टवेअर माझ्या डोक्यात आहे. पण तिळगूळ खाल्ला, गोड हसले. घरी येऊन निखिलवर चिडले. त्याचा काय दोष?

२१ फेब्रुवारी, शनिवार
टॅक्सवाल्या मेहता अंकलकडे. प्लाझात किराणा दुकानाच्या वर ऑफिस. म्हणाले, “बेटा, इधर रहती हो तो पूरी दुनिया की इनकम दिखानी पड़ेगी. इंडिया में जो टैक्स कटा, उसका क्रेडिट मिल जाएगा.” मला इथला नोकरीचा नंबर नाही, म्हणून रिटर्नसोबत तात्पुरत्या टॅक्स नंबरचा फॉर्म. पगाराच्या स्लिपा दिल्या. कंपनीचं पत्र लागेल का विचारलं, कुठे बसून काम केलं त्याचं. “हो तो अच्छा. नहीं तो भी चलेगा.”
चलेगा म्हणजे काय? चलेगा मला चालत नाही. बाबांनी लाइटबिलंसुद्धा पंचवीस वर्षं फाइलला लावली. मी त्यांचीच मुलगी.

२४ फेब्रुवारी, मंगळवार
एचआरला मेल टाकला. ‘ऑगस्टपासून मी कॅनडातून काम करत असल्याचं पत्र द्यावं, टॅक्ससाठी.’ दोन ओळी. पाठवल्यावर बरं वाटलं.
माझ्या मॅनेजरना, देवधर सरांना, आधी विचारायला हवं होतं का? निघताना म्हणाले होते, “मी वर कुणाला बोलत नाही, तूही बोलू नकोस. मीटिंगला दिसलीस की झालं.” पण हे टॅक्सचं आहे. त्यात लपवायचं काय?

२ मार्च, सोमवार
एचआरचं उत्तर. पत्र नाही, उलटा प्रश्न. ‘आमच्या नोंदीनुसार आपण पुण्यातून काम करता. कॅनडातून काम करण्याची परवानगी कुणी दिली?’ सीसीमध्ये लीगलवाले.
उत्तर काय लिहू? सरांचं नाव घेतलं तर ते अडकतात. ‘तोंडी परवानगी होती’ एवढंच लिहिलं.

५ मार्च, गुरुवार
सरांचा फोन.
“कशाला विचारायला गेलीस गं?”
“सर, टॅक्ससाठी…”
“अगं, चाललं होतं ना व्यवस्थित? दोन महिने कळ काढली असतीस. तुझं परमिट आलं असतं, तू सन्मानाने राजीनामा दिला असतास, मी केक कापला असता!”
मग म्हणाले, “माझ्यावर पण आलंय थोडं. असू दे.”
त्यांचं ते ‘असू दे’ सगळ्यात लागलं. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाच, त्यांच्याही पायावर.

१३ मार्च, शुक्रवार
निकाल लागला. परदेशात बसलेला माणूस पगारावर ठेवला तर कंपनीवर तिथला टॅक्स बसू शकतो म्हणे. ३० एप्रिलपर्यंत पुण्याच्या ऑफिसात हजर व्हा, नाहीतर तोच शेवटचा दिवस.
कन्सल्टंटला फोन. “मॅडम, जा ना. पण व्हिजिटर म्हणून परत आत घेतीलच, याची गॅरंटी मी देणार नाही.”
गेले तर नवरा इथे. राहिले तर नोकरी गेली, आणि परमिटशिवाय दुसरी धरता येत नाही. पोर्टल: तेच.

२८ मार्च, शनिवार
रिटर्नवर सही केली.
निखिल म्हणाला, “अजूनही भरणारच आहेस?”
“म्हणजे काय! नियम आहे.”
“त्या नियमापायीच नोकरी घालवलीस ना.”
ताट तसंच ठेवून उठले. वॉशरूममध्ये नळ सोडून रडले. बाहेर आले तर त्याने भांडी घासून ठेवलेली.

१७ एप्रिल, शुक्रवार
पाकीट आलं! सरकारी! जिन्यातच फोडलं.
टॅक्सवाल्यांचं. तात्पुरता नंबर दिलाय. नाव, पत्ता, सगळं अचूक.
अहो, म्हणजे मी इथे राहते हे यांना माहीत आहे की! कर घ्यायला मी इथली, काम करायला पाहुणी. जिन्यात बसून वेड्यासारखी हसले. निखिल घाबरला.

१९ एप्रिल, रविवार
आज काहीच नाही लिहावंसं वाटत. पोर्टल चार वेळा.

२४ एप्रिल, शुक्रवार
२८चं तिकीट बघितलं. पेमेंटच्या पानापर्यंत गेले, बंद केलं. निखिल म्हणतो, “तू ठरव, मी काही म्हणणार नाही.” अरे, म्हण ना काहीतरी! जा म्हण, राहा म्हण. टीमला नवा लीड शोधायला सांगितलंय सरांना. माझ्याच हाताखालची रश्मी ठरली. चांगली आहे. तिला सगळं शिकवतेय, आणि मनात येतं, एखादी गोष्ट सांगायची राहिली तर… शी. सगळं सांगितलं.

२८ एप्रिल, मंगळवार
विमान गेलं असेल. मी बेसमेंटमध्ये. ठरवलं असं नाही, ठरवायचं राहून गेलं.

३० एप्रिल, गुरुवार
पहाटे पाचला बसले, सवयीने. साडेपाचला पासवर्ड चालेना. बंद केला त्यांनी. निरोपाची मीटिंग सहाला होती.
सहाला आईचा फोन आला.
“अगं, तुझ्या कंपनीचा माणूस आलाय. लॅपटॉप न्यायला.”
एचआरने सगळं बंद केलं, पत्ता मात्र पुण्याचाच, आईच्या घरचा ठेवला. कपाळ माझं.
“त्याला सांग, लॅपटॉप इथे आहे माझ्याकडे.”
“सांगितलं. तो म्हणतो, मी थांबतो.” मग आवाज खाली आणून, “बरा आहे गं, वयस्कर आहे. उन्हातून आलाय. पन्हं दिलंय.”
मागून त्याचा आवाज ऐकू आला. “मॅडम किती वाजेपर्यंत येतील, तेवढं विचारा ना.”
आई फोन धरून थांबली. मलाच विचारत होती ती.
म्हटलं, “बसव त्याला.”