हाल्वरची बिअर गोड लागली

होर्निंदाल, ८ डिसेंबर १९५६

ती. बोर्गहिल वन्संना रान्वेगचा शि. सा. न. वि. वि.

नाताळची बिअर काल लावली. यीस्टचं विरजण घालताना आरोळी ठोकायची ती घरधन्याने, ही रीतच. आरोळी जेवढी मोठी, तेवढी बिअर कडक. यंदा यांच्या आरोळीचा मध्येच खोकला झाला. स्वतःच म्हणाले, या वर्षी बिअरलाही पडसं होणार बघ. मी हसले.

वन्सं, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, वसंतापर्यंत दिवस काढले तर नशीब. यांना वाटतंय, छातीत कफ साठलाय. एवढा नाताळ सुखाने जाऊ दे, मग मीच सांगेन. तुमच्याशिवाय कुणापाशी बोलले नाही. पुढच्या शनिवारी शेजारी चव घ्यायला येतील. सिवर्ट दरवर्षीसारखी बिअरची टर उडवेल, हे त्याच्या अंगावर धावून जातील. तेवढाच विरंगुळा.

तुमची माया आहेच; थोडा धीरही पाठवा.

रान्वेग

बर्गन, १२ डिसेंबर

चि. सौ. रान्वेगला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. माझ्या मांडीवर वाढलेलं पोर ते. देवाला मी म्हातारी दिसले नाही का गं?

राहवेना, म्हणून सिवर्टला फोन केला. सगळं सांगितलं आणि बजावलं, यंदा माझ्या भावाच्या बिअरला नावं ठेवलीस तर याद राख, बाकीच्यांनाही समज दे. बिचारा हो म्हणाला. रागावू नकोस. हाल्वरच्या कानावर चार गोड शब्द पडू देत.

तूही दोन घास पोटात ढकलत जा.

तुझी बोर्गहिल

होर्निंदाल, १६ डिसेंबर

ती. ताईस हाल्वरचा सा. न. वि. वि.

काल बिअरची चव घ्यायला सगळे जमले. मी आधीच चाखली होती. ताई, इतकी पाणचट बिअर आपल्या घरात कधी झाली नव्हती. मला नीट ढवळायलाच झेपलं नाही. सिवर्टला काय उत्तर द्यायचं ते घोकून बसलो होतो. गेल्या वर्षी त्याने विचारलं होतं, ही बिअर आहे की भांडी विसळल्याचं पाणी?

यंदा त्याने वाटी तोंडाला लावली, संपवली, आणि म्हणाला की अशी बिअर आपल्या अख्ख्या दरीत कधी झाली नाही. त्याचे डोळे भरले होते. मग एकेक जण तेच म्हणत गेला. कुणी थुंकलं नाही की चिडवलं नाही. तेव्हा कळलं, मी काही वाचत नाही.

कुणी सांगितलं, ते विचारत नाही. रान्वेग तुझ्यापासून काही लपवत नाही, म्हणजे तुला ठाऊक असणारच. ती बिचारी दिवसभर हसत असते, मीही हसतो. मला कळलंय हे तिला सांगू नकोस. तिचा हा नाताळ मोडेल.

नाताळपर्यंत थांबू नकोस, आधीच ये. मला तुझ्याजवळ एकदा पोटभर रडायचंय. या घरात कुठे रडू?

लोभ असावा असं दरवेळी लिहितो. यंदा लोभ घेऊन तूच ये.

तुझा हाल्वर