झुल्यातली झोप धरत नाहीत

३ मार्च, सकाळ
आरोग्य केंद्रातल्या दिएप नर्सने नियम दिले. दुपारी झोपायचं नाही. बारानंतर कॉफी नाही. रात्री तळमळत पडायचं नाही, उठून बसायचं. सोपं आहे. एकतीस वर्षं तिएन नदीवर फेरीबोट वेळेवर सोडली, आता झोप वेळेवर आणायची. आठ दिवस पुरे.

५ मार्च
नियम पाळला. झोप येईना, उठून बसलो. एकट्याने बसून करायचं काय? बायकोला, न्यानला, उठवून सांगितलं की मी उठून बसलोय. तिने पांघरूण डोक्यावरून ओढलं. उपचारांची कदर नाही.
दुपारी झोपलो नाही. खोईच्या कॉफीच्या दुकानात, खांबांना टांगलेल्या झुल्यात पडून कॉफी घेतली. मागवली पावणेबाराला, गाळणीतून थेंब थेंब उतरते, त्याला मी काय करू? मग साडेतीनपर्यंत डोळे मिटून विचार केला.

८ मार्च
खोई म्हणतो, काका, तुमचा विचार पार रस्त्यापर्यंत ऐकू येतो. चहाटळ माणूस. झुल्यात पाठ सपाट टेकत नाही, तिला झोप म्हणतच नाहीत. जेवून अख्खा गाव झुल्यात पडतो, मग सगळेच आळशी का? नर्सने भरायला दिलेल्या तक्त्यात 'दिवसाची झोप' समोर शून्य लिहिलं.

११ मार्च
रात्री न्यानला चारदा उठवलं. एकदा तर फक्त झोप लागली का, ते विचारायला. सकाळी पिशवी भरून म्हणाली, "अहो, चाळीस वर्षं तुमच्याबरोबर जागतेय. विन्ह लाँगला धाकट्या लेकीकडे चाललेय. रात्रभर झोपलात की बोलवा."
म्हटलं, दोन दिवसांत बोलावतो. तिची चुळबूळ नसली की हमखास झोप.

१३ मार्च
दोन्ही रात्री मच्छरदाणी चारी बाजूंनी खोचून पडलो. आत कोंडल्यासारखं झालं. बाहेर आलो तर घरातही तसंच. उठवायला कोणी नाही. भीती वाटली, खरंच वाटली. दुपारी खोईकडे गेलो, पण फक्त सोबतीसाठी. उठलो तेव्हा पाच वाजले होते.

१५ मार्च, सकाळ
निर्णय घेतला. थोडं खोटं बोललं तर बिघडत नाही. न्यानला फोन केला, काल रात्रभर गाढ झोपलो म्हणालो. ती इतकी खूश झाली की मला 'ये' म्हणायला जागाच मिळाली नाही.
"म्हणजे माझ्यामुळेच अडत होतं तर! मीही इथे दहा-दहा तास झोपतेय. मग मी इथेच राहते, तुमची झोप कशाला मोडू?"
मी बरं म्हटलं.