एकदाच विचारणाऱ्या लोकांत

आदरणीय आत्याबाईंना तुमच्या भाचीचा दुरून, पण मनापासून सलाम.

पत्र हाती पडेल तेव्हा प्रभूच्या कृपेने तुम्ही धडधाकट असाल, गुडघा तुम्हाला जिना चढू देत असेल आणि आतोबांना त्यांचा चष्मा त्यांच्याच कपाळावर सापडला असेल, अशी आशा करते. आईचा रक्तदाब कसा आहे ते मला खरं कळवा. फोनवर आई 'छान आहे' म्हणते, मीही 'छान आहे' म्हणते, आणि एकमेकींचं पटल्यासारखं दाखवून आम्ही फोन ठेवतो. माझ्याबद्दल विचाराल तर मी आधी 'मजेत आहे' असं लिहिलं होतं. ते खोडलं, कारण मजा म्हणावी असं काही नाही. मग 'सुखरूप' लिहिलं. तेही खोडलं, कारण परवाच भांडी घासायच्या खोलीत घसरून कोपर सोलवटलं. 'बरी' हा शब्द मात्र मी बराच वेळ उलटसुलट करून पाहिला आणि त्यात खोटं असं काही सापडलं नाही. तर मी बरी आहे.

आता मुद्द्याचं. इथल्या, या परक्या मुलखातल्या, मिशनच्या वृद्धाश्रमात सेवेला येऊन मला वर्ष होत आलं, हे तुम्हाला माहीत आहेच (आपल्या मंडळीतल्या निरोपाच्या भाषणांत मला सिंहीण म्हटलं होतं, ते अजून आठवलं की कानाच्या पाळ्या तापतात). आमच्या प्रमुखांना सगळे मोठ्या बाई म्हणतात, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात तरीही. मागच्या महिन्यात त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "तुझं वर्ष संपतंय. घरी जायचंय का?" आत्याबाई, मला जायचं होतं. इतकं जायचं होतं, की माझी बॅग मी पलंगाखाली ठेवत नाही, दारापाशी ठेवते (तिथे हवेशीर राहते, असं स्वतःला सांगते). आणि तोंडातून काय निघावं? "छे, नको नको. कशाला?" मोठ्या बाईंचे डोळे भरून आले. "मला वाटलंच होतं," म्हणाल्या आणि निघून गेल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेत त्यांनी प्रभूचे आभार मानले, की एक तरुण सेविका आणखी दोन वर्षं राहायला आनंदाने तयार झाली आहे. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. न म्हणून करते काय?

यात दोष कुणाचा, हे ठरवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. तुमचा आहे असं मी म्हणणार नाही, पण शाळा तुमच्याच स्वयंपाकघरात भरली होती. बाराखडी मला नंतर आली. त्याआधी हे आलं, की दुसऱ्याच्या घरी पहिल्यांदा विचारलं की 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा विचारलं की 'खरंच नको, आत्ताच खाऊन आले' म्हणायचं, आणि तिसऱ्यांदा आग्रह झाला की मान खाली घालून 'बरं, अगदी थोडं'. आणि आपण वाढणारे असलो तर पाहुण्याच्या 'नको'ला पातेलं उचलायचं नाही, पातेलं वाकवायचं. तुम्ही एकदा एका पाळकसाहेबांना असं वाढलं होतं, की संध्याकाळची उपासना त्यांनी बसून घेतली. पण आत्याबाई, इथली माणसं एकदाच विचारतात. चांगली आहेत, प्रेमळ आहेत, पण एकदाच. आल्या दिवशी स्वयंपाकीणबाईंनी चहा विचारला. मी नको म्हटलं. त्या किटली घेऊन गेल्या. मी किटलीची वाट पाहत बसले. ती काही परत आली नाही. तेव्हापासून स्वयंपाकघरात सगळ्यांना ठाऊक आहे, की या मुलीला चहा चालत नाही. आता चालतो म्हणावं तर पहिल्या दिवशी मी खोटं बोलले असा अर्थ होतो, म्हणून कित्येक आठवडे मी गरम पाण्यावर काढले. मग उपासनेत गायन घेणाऱ्या बाईंनी रविवारी जेवायला बोलावलं. घरात माणसं भरपूर आहेत, गप्पा होतील, म्हणाल्या. माझं आपलं, "तुम्हाला कशाला उगाच त्रास?" त्या "बरं" म्हणून हसल्या आणि कोट चढवून गेल्या. त्यांना जरासुद्धा वाईट वाटलं नाही, हे मला जास्त लागलं. असं करत करत माझी ख्याती पसरली, की मला एकांत आवडतो. भोजनगृहात खिडकीपाशी एका खुर्चीचं एक टेबल आता माझ्यासाठी राखून ठेवतात. कुणी नवीन माणूस चुकून माझ्याशी बोलायला आला, तर बाकीचे त्याला हळूच बाजूला घेतात.

माझी खोली धुलाईघराच्या वर आहे. इथे आल्यावर मी दोन कप घेतले, कारण एकच कप विकत घेणारी बाई दुकानदाराला कशी दिसेल, असं मनात आलं. दुसऱ्यात टूथब्रश असतो. रविवारी दुपारी कामावरचे सगळे आपापल्या घरी जातात, तेव्हा इमारत इतकी गप्प होते, की मी खाली धुलाईघराच्या पायरीवर जाऊन बसते. मशीन चालू असलं की बरं वाटतं. (मी मशीनशी बोलते असं समजू नका. बोलतं ते, मी ऐकते.) प्रार्थना मात्र रोज चुकवत नाही. शक्ती दे, असं मागते. पण परवा माझ्याच प्रार्थनेकडे नीट लक्ष गेलं, तर मी म्हणत होते, "प्रभू, सेवेसाठी शक्ती दे. फार नको, दुसऱ्यांना देऊन उरेल त्यातली थोडी." म्हणजे तिथेही आपलं तेच. प्रभूने तिसऱ्यांदा आग्रह करावा म्हणून मी थांबून राहिले असेन, आणि त्याने मला एकांतप्रिय समजून बाकीच्यांकडे पाहिलं असेल. आपल्या पाळकसाहेबांना मी मासिक अहवालात 'कार्य दिवसेंदिवस वाढत आहे' असं कळवते. ते खोटं नाही. खरकटी भांडी खरोखरच वाढत आहेत.

आता वरच्या मजल्यावरच्या एका आजोबांची गोष्ट सांगायलाच हवी, कारण सगळा घोळ तिथे वाढला. हे आजोबा आयुष्यभर कुलपं दुरुस्त करत होते आणि इथे आल्यापासून प्रत्येक गोष्टीला नको म्हणतात. माझं काम असं, की दुपारी प्रत्येक दारात जाऊन बागेत येता का विचारायचं, जे हो म्हणतील त्यांना न्यायचं. आजोबांच्या दाराशी आताशा कुणी फारसं थांबतही नव्हतं. मी पहिल्याच दिवशी थांबले. आजोबा "नको" म्हणाले. मी म्हटलं, ऊन छान आहे. "नको म्हटलं ना." मी म्हटलं, बरं, बागेत नको, नुसतं दारापर्यंत. (वाटीभर नको तर चमचाभर, हा तुमचाच डाव.) "कसली चिवट पोरगी आहे," असं पुटपुटत त्यांनी कोट चढवला, आणि दारापर्यंत म्हणता म्हणता आम्ही बागेच्या फाटकापाशी पोचलो. तिथलं कुलूप त्यांनी हलवून पाहिलं आणि म्हणाले, "हे ज्याने बसवलं, त्याला आत ठेवून बसवायला हवं होतं." त्यानंतर आम्ही रोज जायला लागलो. रोज तीनदा विचारणं, रोज दोनदा नकार, आणि बागेत तेच कुलूप, तोच संताप. वर्षभरात मला इतकं घरच्यासारखं दुसरं काही वाटलेलं नाही.

पण मजल्यावरच्या परिचारिकेने ते ऐकलं आणि गोष्ट मोठ्या बाईंकडे गेली. त्यांनी मला बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, चढवला असता तर बरं झालं असतं. "इथे माणसाने नको म्हटलं, की ते नको असतं. माणूस म्हातारा झाला म्हणून त्याच्या शब्दाची किंमत उतरत नाही," म्हणाल्या. आत्याबाई, यात एक अक्षर चूक नाही. मी किती म्हाताऱ्यांचा शब्द मोडला असेल, या विचाराने मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी मी नियमाने एकदाच विचारलं. आजोबा "नको" म्हणाले. मी "बरं" म्हटलं आणि पुढे गेले. बाकीच्यांना बागेत बसवून शाल न्यायला परत आले, तर आजोबांचं दार अर्धवट उघडं होतं. आजोबा पलंगाच्या कडेला बसले होते. अंगात कोट, वरपासून खालपर्यंत गुंड्या लावलेल्या, टोपी गुडघ्यावर, आणि नजर दाराकडे.

मला आत जाववेना, कारण पुन्हा विचारणं नियमाविरुद्ध. आणि हलवेना. शेवटी मी बाहेरच उभी राहून भिंतीला उद्देशून जरा मोठ्याने म्हटलं, की फाटकाचं कुलूप आज जास्तच वाकडं दिसतंय. आतून आवाज आला, "विचारायचं तर नीट विचार. मला काय दिवसभर वेळ नाही." जिना उतरताना मी त्यांना म्हटलं, आजोबा, मग पहिल्यांदाच हो का म्हणत नाही? ते म्हणाले, "पहिल्यांदा तू ड्यूटी म्हणून विचारतेस. ड्यूटीला काय हो म्हणायचं?" त्या दुपारी मी शक्ती मागायची विसरले, आणि सगळी कामं झाली.

मी हे स्वतः जाऊन मोठ्या बाईंना सांगितलं, कारण लपवून ठेवणं बरोबर नव्हतं. त्या डोकं धरून बसल्या. "वरच्या दोघी आजी रोज आनंदाने बागेत जायच्या. परवापासून त्याही नको म्हणायला लागल्या आहेत. तू माझा अख्खा मजला बिघडवलास." मी क्षमा मागितली. त्या एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुला मी जिन्यात विचारलं होतं, तेव्हा तू पण कोट घालून बसली होतीस का?" बॅग दारापाशी असते, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. त्या म्हणाल्या, "मी अजून मिशनच्या कचेरीला काही कळवलेलं नाही. आता दुसऱ्यांदा विचारते. घरी जायचंय?" आणि मी पुन्हा "नको" म्हटलं. खरी गंमत (गंमत नव्हे, पण दुसरा शब्द सापडत नाही) इथे आहे. पहिलं नको शिकवलेलं होतं, ते मी ओळखते. हे दुसरं कुठून आलं, ते मला सांगता येत नाही. त्यातही शिकवणूक असेल. पण तोंडातून निघालं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर त्या कोटाच्या गुंड्या होत्या. "तिसऱ्यांदा पुढच्या महिन्याच्या अखेरीस विचारीन. त्यानंतर मात्र विचारणार नाही, आमच्यात एवढंसुद्धा कुणी विचारत नाही," असं मोठ्या बाई म्हणाल्या.

तेव्हा पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत मला माझं उत्तर ओळखायचं आहे. फोनवर हे सांगता आलं नसतं. तुम्ही "बरी आहेस ना?" विचारलं असतं, मी हो म्हटलं असतं, आणि आतोबांनी मागून हवामान विचारलं असतं. स्वयंपाकीणबाईंना मी काल सांगून टाकलं, की मी चहा पिते. त्या म्हणाल्या, "मग आधी का नाही सांगितलंस?" आणि कप भरून दिला. इतकं सोपं होतं, याचा मला थोडा रागच आला. चहा फार पातळ असतो, हेही लिहून ठेवते. आईला आणि सगळ्यांना माझा सलाम सांगा.

तुमची आज्ञाधारक (हा शब्द तपासला, चालेल),
धाकटी भाची

ता. क. आईला बॅगेचा मजकूर वाचून दाखवू नका. तेवढा भाग येईल तेव्हा खोकला आल्याचं दाखवून पुढे जा. खोकला खरोखरच आला तर उत्तम.

आणखी एक ता. क. खरी विनंती वर लिहायची राहिली, म्हणजे मी राहू दिली. मला एकदा पत्राने 'परत ये' म्हणून विचारा. मनापासून, तुमच्या त्या ठळक अक्षरात. वर्षभरात सगळ्यांनी मला 'खंबीर राहा' असं लिहिलं, 'परत ये' असं कुणीच नाही, आणि ते कुणी म्हटल्याशिवाय मला इथे नीट राहता येईल असं वाटत नाही. मी उत्तरात 'नको' लिहीन. मग कृपा करून दुसऱ्यांदा विचारू नका. तुमच्या आग्रहापुढे पाळकसाहेब टिकले नाहीत, मी काय टिकणार? आणि इथे दुपारी एका माणसाला तीनदा विचारायला कुणीतरी लागतं.

शेवटचा ता. क. पाकीट बंद करण्याआधी पत्र वाचून पाहिलं. 'दुसऱ्यांदा विचारू नका' हे मी वर एकदाच लिहिलं आहे. आपल्या घरात एकदा म्हटलेल्याला किती किंमत असते, ते तुम्ही जाणताच.