परतवाड्याला राहिलेला वेल

माय, चिखलदऱ्यात रताळी आली. काल काढली. पाच निघाली, त्यातली दोन अंगठ्याएवढी आहेत, ती धरायची की नाही ते तुझं तू ठरव.

तुला वाटेल यात नवल काय, वेल तर मी सतरा वर्षांपूर्वीच नेला होता. तेच सांगायचं आहे. इथल्या शाळेत नोकरी लागली तेव्हा बार्शीटाकळीच्या मळ्यातून तू वेलाचे तुकडे कापलेस, ओल्या गोणपाटात गुंडाळलेस आणि माझ्या मांडीवर ठेवलेस. "थंड गाव हाये म्हनतात. माह्या येलाले संभाळजो." एसटीत त्या गोणपाटातून चिखलाचं पाणी नव्या साडीवर गळायला लागलं. शेजारच्या बाईंनी पदर आवरून घेतला आणि विचारलं, "तुम्ही भाजीवाल्यांच्या का?" मी नाही म्हणाले. तू डोक्यावर टोपली घेऊन अकोल्याच्या जुन्या शहरात गल्लोगल्ली हिंडलीस, त्यावर मी शिकले, आणि मी नाही म्हणाले. परतवाड्याला गाडी बदलताना ते गाठोडं बाकाखाली ठेवलं आणि मागं न बघता दुसऱ्या गाडीत चढले.

पहिल्याच फोनवर तू विचारतेस, "येल लागला का?" मी म्हणते, लागला. एकदा लागला म्हटल्यावर तो दरवर्षी वाढवत न्यावा लागला. इथं थंडी फार, उन्हाळा आला म्हणेपर्यंत संपतो, कंद धरतच नाही, असं सांगून मी सुटायला बघायची. तू पिच्छा सोडायची नाहीस. "ऊन कमी हाये तं होळी झाल्याबरोबर लाव. सपाटीत नोको, उंच वरंब्यावर लाव, माती लवकर तापते. बुडाशी काये गोटे ठिव. दिसभर तापतीन, मंग राती ऊब देतीन. अन् पावसानं जोर धरायच्या आंदी काढून घे." बाजारातून दमून आलेली तू, नसलेल्या वेलाची काळजी करत बसायचीस. एकदा तर डोंगराकडच्या कुणा गिऱ्हाइकाला विचारून आलीस, तिकडे रताळी कशी लावतात म्हणून. तेव्हा मला हसू आलं होतं. आता त्या हसण्याची लाज वाटते.

तू गेल्यावर दादानं मळ्यात संत्र्याची कलमं लावली. विहिरीच्या पाटाशी तुझा एकच वेल उरला होता, तो मी आणला. या वेळी गोणपाट मांडीवर उघडंच ठेवलं, साडी भिजली तर भिजू दिली. हिवाळाभर वेल तेलाच्या रिकाम्या डब्यात, स्वयंपाकघराच्या खिडकीत जगवला. होळी झाली तसा वरंबा केला आणि बुडाशी काळे गोटे मांडले. दिवे लागायच्या वेळी त्यांना हात लावून बघायची, माय. तू सांगितलंस तसे खरंच गरम असायचे. पहिल्याच वर्षी हे केलं असतं तर तुझ्या हातात रताळी देता आली असती.

हा कागद शाळेच्या वहीतच राहणार आहे. दोन चांगली रताळी बेण्याला ठेवली. एक भाजून खाल्लं. फारसं गोड नव्हतं. तू फोनवर असतीस, तर साखर आहे म्हणून सांगितलं असतं.