नवरदेवाच्या मांडीतलं इंजेक्शन

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. म्हैसूरला तुझे गुडघे आणि भावोजींचं बीपी ताब्यात असेल, अशी आशा. आपल्या भाच्याचं, चेंगप्पाचं, लग्न लागलं आणि चेंगप्पा जिवंतही आहे.

मुहूर्ताला बंदुकीचे बार उडाले, नेहमीसारखे. मागच्या फणसावर आग्यामोहोळ आहे, हे कुणी पाहिलंच नव्हतं. दोन माश्या तिपाईवर बसलेल्या नवरदेवाच्या मानेला डसल्या. आशीर्वादाची रांग फाटकापर्यंत. जो तो गुडघ्यांवर, खांद्यांवर, डोक्यावर तांदूळ टाकून तोटीच्या किंडीतून दूध पाजतोय. थोड्या वेळाने दूध ओठांतून परत यायला लागलं. ओठ सुजलेले, श्वासाला शिट्टी. ही डंखाची ॲलर्जी, हे मला कळलं, आणि दुसऱ्या कुणाला कळलं असतं तर बरं, असंही वाटलं. (याचा विचार मी अजून करते आहे.)

मळ्यावरच्या डॉक्टरांनी अशा वेळचं इंजेक्शन मला शिकवलंय, भरलेली सिरिंज पर्समध्ये असते. पण आजवर मी टोचलं ते संत्र्यांना. संत्रं दगावलं तर खाता येतं.

पळंगप्पा मामांना म्हटलं, "याला आडवं करा, जीव जाईल!"

"खुळी की काय! रांग संपल्याशिवाय नवरा उठतो? दूध पाज, तरतरी येईल."

"मामा, त्याला गिळता येत नाहीये."

"कोडव गडी दोन माश्यांना भितो होय?"

वाद घालायला वेळ नव्हता. रांगेत घुसले. मागून एक बाई करवादली, "ओ, आम्ही काय जेवून आलोय?" गुडघ्यांशी वाकले, तांदूळ टाकले आणि पांढऱ्या कुप्याच्या, त्या लांब अंगरख्याच्या, कापडावरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला सुई सरळ घातली. (मांडी त्याचीच आहे, हे दोनदा पाहिलं.)

"आत्ये," तो घोगरं कळवळला, "आशीर्वाद की सूड?"

मग त्याला तिपाईवरून ओढून आडवं केलं. मामा गरजत होते, मी शिट्टी ऐकत होते. ती विरत गेली, तेव्हा मला रडू फुटलं. जीपने इस्पितळात नेलं. उरलेली रांग तांदूळ घेऊन मागोमाग आली, आणि वॉर्डातल्या नर्सने सगळ्यांना झाडू दाखवला.

तुझी,
बोजी

ता. क. डॉक्टरांनी त्याला घरी सोडलंय. पुन्हा माशी डसली तर पुन्हा लगेच टोचायचं आणि इस्पितळ गाठायचं, म्हणालेत. नवपरिणीत जोडपं आठवडाभर तुझ्याकडे येतंय. नवी भरलेली सिरिंज त्यांच्या फराळाच्या डब्यात ठेवली आहे. नवरी सुई पाहूनच डोळे मिटते, तेव्हा टोचायचं तूच.

ता. क. दुसरा. नको म्हणायला फोन करू नकोस, हे पत्र घेऊन तेच निघालेत. भावोजींना सांग, परसातल्या मधमाश्यांच्या पेट्या आजच्या आज शेजाऱ्याकडे हलवा.