बिनसहीचा मान

सावरबोडी, ता. गोंडपिपरी
४ जानेवारी २०२५

ती. दामिनीताईस, भूपेशचा सा. न. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन करता आला नाही, कारण गावात रेंज फक्त तळ्याच्या पाळीवर येते आणि तिथे दिवसभर गिरजाकाकू बसलेली असते. विषय तिचाच आहे.

तुला ठाऊक आहे, मच्छीमार सोसायटीची अध्यक्ष काकू आणि सचिव मी. एक बाहेरचा ठेकेदार आपला तलाव मागतो आहे. मासे तो काढणार, सभासदांना घरबसल्या वाटा. मी तयार, बरेच जण तयार. काकू सही करत नाही. म्हणते, तलाव देऊन देल्यावर आपण का पाळीवर बसून माशा माराच्या?

तिचा अपमान व्हावा असं कोणाच्याच मनात नाही, माझ्या तर नाहीच. फक्त तिला इतक्या उंचावर बसवायचं, की सहीसाठी खाली वाकावं लागू नये. तू भद्रावतीला पोरांना इंग्रजी शिकवतेस. त्या भाषेत असे शब्द असतीलच, ज्यात मान भरपूर आणि अधिकार काही नाही. सव्वीस जानेवारीला झेंड्यानंतर सत्कार ठेवला आहे. मानपत्र इंग्रजीतच हवं. मराठीत लिहिलं तर तिला कळेल.

लोभ आहेच, सोबत शब्दही यावेत.
तुझा,
भूपेश


भद्रावती
९ जानेवारी

चि. भूपेशला अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा नाही.

शब्द हवेत तर घे. 'रिस्पेक्टेड' शाळेत रजेच्या अर्जाला लावतात, त्याखाली ताप आल्याचं खोटं लिहायचं असतं. 'एस्टीम्ड' दुकानदार गिऱ्हाइकाला म्हणतो, भाव वाढवायच्या आधी. 'ऑनरेबल' खुर्चीवरच्या माणसाला, खुर्ची असेपर्यंत. 'रिव्हर्ड' लावायचा तर माणूस शक्यतो फोटोत गेलेला असावा. तुझ्या कामाचा म्हणशील तर 'पेट्रन'. त्याचं नाव पत्रिकेत सगळ्यांत वर छापतात आणि त्याला काही विचारत नाहीत. या बाबतीत इंग्रजी फार श्रीमंत भाषा आहे.

आई गेल्यावर काकूने आपल्याला वाढवलं. तू चांगला आठवीत जाईपर्यंत तुझ्या ताटातल्या माशाचे काटे ती काढत होती. तेव्हा तिला यातला एकही शब्द लागला नव्हता. मला तुझा राग आलेला आहे, हे इथे लिहून ठेवते.

तुझ्या बायकोला, आचलला आशीर्वाद. तिच्यावर माझा लोभ तुझ्यापेक्षा जास्त आहे आणि तो तसाच राहील.
ताई


सावरबोडी
१५ जानेवारी

ती. ताईस सा. न.

राग पोचला, शब्दही पोचले. पाचही घेतले.

काकूला संशय आला होता. म्हणाली, आपल्या गावात शाल त्यालेच देतात जो चालला. ग्रामसेवकाले बदलीच्या दिवशी देली, मास्तरले रिटायर झाल्यावर, अन् पोचूमामाले देली तं तो पोळ्यापर्यंतही नाई पुरला. मी कुठी चालली, असं विचारत होती.

पण काम झालं. कार्यकारिणीने ठराव केला, की सव्वीस तारखेच्या सत्कारमूर्तींना त्याच क्षणापासून सोसायटीचं कायमचं पेट्रन मानावं आणि पद, सही व मत या त्रासातून मुक्त करावं. ठरावात काकूचं नाव घालणं बरं दिसेना, म्हणून 'सत्कारमूर्ती' एवढंच लिहिलं. तिने आचलकडून तो वाचून घेतला आणि मुकाट्याने सही केली. मला जरा वाईट वाटलं.

राग गेला असल्यास कळवावे, नसल्यास लोभ तरी ठेवावा.
भूपेश


सावरबोडी
१८ जानेवारी

चि. दामिनीले गिरजाकाकूचे आशीर्वाद.

आचल मी सांगतो तसंच लिहून राह्यली आहे. तू पाठवलेले शब्द तिनं मले वाचून दाखवले. लय भारी शब्द आहेत. मोठी शिकली व माय तू. मले एकच विचाराचं आहे, हे शब्द बाईलेच लावतात का माणसालेही चालतात? लवकर कळव.

इथी थंडी आहे, तब्येत पाहून राह. माया ठेव.
तुही काकू


भद्रावती
२१ जानेवारी

ती. काकूस साष्टांग नमस्कार.

कोणालाही चालतात.

तुझीच,
दामिनी


सावरबोडी
१२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

आचलने तुला सांगितलं असेलच, तरी माजी सचिव या नात्याने वृत्तांत कळवतो. झेंडा झाला. मानपत्र वाचलं. मी शाल घेऊन पुढे गेलो तोच काकू उठली. म्हणाली, एवढा मान पेलाची माही ताकद नाई. सोसायटीसाठी रातदिवस डोकं चालवते तो आमचा भूपेश, शाल त्याले शोभते. असं म्हणून तिने शाल माझ्या हातातून घेतली आणि मलाच पांघरली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदारानेही वाजवल्या, त्याला उशिरा कळलं.

ठरावाप्रमाणे मी त्याच क्षणापासून कायमचा पेट्रन झालो. सचिव सोमाजी झाला. ठेकेदाराचा कागद बिनसहीचा परत गेला.

मानाला कमी नाही. सभेत मधली खुर्ची, चहा आधी मला, मग बाकीचे आपसात बोलतात. ज्या सोमाजीने मला पोहायला शिकवलं, तो आता साहेब म्हणतो. आचलसुद्धा घरी ऑनरेबल म्हणते आणि वाढायला उठत नाही. काकूच्या समोर जायचं मी टाळत होतो. जिने मला वाढवलं तिला मी तळ्यावरून उठवायला निघालो होतो, आणि तेही हार घालून. फार लाज वाटत होती, अजूनही वाटते.

काल मोठं जाळं ओढायचं होतं. मी पाळीवर गेलो तर लोकांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली. बसलो. खाली कमरेइतक्या पाण्यात सगळे दोर ओढत होते, काकूही. मध्येच तिने वर पाहिलं आणि साऱ्या गावादेखत ओरडली, काबे भूप्या, तिथी का बसून राह्यला, दोर धर ना बे!

ताई, त्या सत्कारापासून मला कोणी 'काबे' म्हटलं नव्हतं. चपला तिथेच टाकल्या आणि पाण्यात उतरलो.

लोभ करावा. मान नको.
तुझा,
भूप्या