सागरदर्शनाचा विग्रह

२ एप्रिल, पहाटे ५
जप आटोपताच संकल्प केला. सुट्टी लागली की दोन्ही नातवंडांना किनाऱ्याच्या रस्त्याने चार दिवस फिरवून आणायचे. गाडी मी चालवणार. धाकट्याला सहा पूर्ण झाली तरी त्याने अद्याप समुद्र पाहिलेला नाही. चाळीस वर्षे संस्कृत शिकवलेला आजोबा घरात असताना ही नामुष्की आहे.

२ एप्रिल, सकाळी ९
संकल्प जाहीर केला. चिरंजीवांनी चहाचा कप खाली ठेवून गेटच्या खांबाचा विषय काढला. यंदा त्याला गाडी तीनदा घासली, म्हणे. घासली हे खरे. परंतु खांब इतका आत कोणी बांधला, हे कोणीच विचारत नाही. अखेर करार झाला. पहिल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत मी मुलांना समुद्र दाखवला, तर गाडीची किल्ली माझ्याकडे. न दाखवल्यास ती चिरंजीवांच्या खिशात, कायमची. मी हसून मान्यता दिली. समुद्र काय पळून जाणार आहे?

५ एप्रिल
नकाशा पसरला. कागदी. फोनमधल्या बाईंचे उच्चार सदोष आहेत.
पूज्य वस्तू सदैव उजव्या हाताला असावी, हा प्रदक्षिणेचा नियम. आपल्या बाजूने निघाल्यास समुद्र डावीकडे येतो. सबब, पहिल्या दिवशी आतल्या हायवेने थेट दुसरे टोक गाठायचे, तिथे मुक्काम, आणि मग किनाऱ्याने परत. सूनबाईंनी विचारले, म्हणजे पहिला अख्खा दिवस मुलांनी ट्रक बघायचे का. दृष्टी व्यापक नसली की असे प्रश्न पडतात.

८ एप्रिल
प्रवासाचा अभ्यासक्रम तयार : समुद्राची अठरा नावे, अर्णवपासून सुरुवात. सातवीतल्या नातीने सांगितले की समासात पैकीच्या पैकी मिळवून झाले आहेत, आता तिला सुट्टी आहे. धाकट्याने सांगितले की अर्णव त्याच्या वर्गात आहे आणि तो चावतो.

१० एप्रिल
मुक्कामाचा प्रश्न. सूनबाईंनी फोनवर एक हॉटेल दाखवले, वीस फोटोंसह. नाव इंग्रजी. मी जुन्या डायरेक्टरीतून 'सागरदर्शन लॉज' शोधून काढले. ज्याला विग्रह येतो त्याला फोटो कशाला? सागराचे दर्शन, षष्ठी तत्पुरुष.
तरीही खात्री केली. मालकांना फोन करून विचारले, सागर खोलीतून दिसेल ना? म्हणाले, "खोलीतून नाही. पण सागर दिवसभर इथंच असतो. हाक मारा, लगेच येतो." आणि दर्शन? "दर्शन पाचनंतर."
लॉजवाल्याच्या मुखी असे काव्य! ऊर भरून आला. सूर्यास्त पावणेसातला, दर्शन पाचनंतर. किल्ली माझीच.

१६ एप्रिल
सराव म्हणून गाडी गेटबाहेर काढून पुन्हा आत घेतली. चौथा ओरखडा. खांब आणखी आत सरकला आहे. गवंड्याला बोलवावे.

१८ एप्रिल, सकाळी ९.५०
पाचला निघायचे होते. चष्मा सापडेना. तो मीच पोथीत खूण म्हणून ठेवला होता, हे सूनबाईंनी शेजाऱ्यांसमोर सांगण्याचे कारण नव्हते.

१८ एप्रिल, दुपारी २
चहासाठी थांबलो. एकशे बारा ट्रक झाले. मोजणी नात ठेवते आहे. धाकटा दोनदा ओकला. अठरांपैकी दोन नावे झाली, दुसऱ्या नावाच्या वेळी दुसरी ओकारी. चिरंजीव शेजारी बसून पायाखाली नसलेला ब्रेक दाबत असतात. मी दुर्लक्ष करतो. संयम ही माझी कमाई आहे.

१८ एप्रिल, सायंकाळी ५.४०
पोहोचलो. लॉज हायवेलगतच. एका बाजूला टायरचे दुकान, दुसऱ्या बाजूला पत्र्याचे गोदाम. समुद्र मागच्या अंगाला असावा. मागे जाऊन आलो. मागे पाण्याची टाकी आहे.

१८ एप्रिल, सायंकाळी ७
मालकांना विचारले, सागर कुठे आहे? त्यांनी जिन्याकडे तोंड करून "सागर!" अशी हाक दिली. मिशीवाला एक दांडगा गृहस्थ दोन बादल्या घेऊन खाली उतरला. मालकांचा थोरला मुलगा. त्यांचा धाकटा मुलगा, म्हणजे दर्शन, पाचला दुकान बंद करून आला होता. काउंटरमागे दोघांचा एकत्र फोटो होता, फ्रेम केलेला.
समुद्र इथून चौतीस किलोमीटर, असे मालक म्हणाले. मध्ये घाट. तेव्हा सूर्य मावळायला चाळीस मिनिटे होती.
मग नात म्हणाली, "आजोबा, द्वंद्व आहे हा. सागर आणि दर्शन. इतरेतर."
उत्तर बरोबर होते. शाब्बास म्हणणे भाग पडले.
धाकटा बादलीवाल्यासमोर मान वर करून उभा राहिला. "तूच समुद्र का?" त्याने विचारले. तो म्हणाला, "नाही रे बाबा, मी पण पाहून दहा वर्षं झाली." सूनबाई हसत हसत पायरीवर बसल्या. चिरंजीव हसले नाहीत. त्यांनी नुसता हात पुढे केला.

१९ एप्रिल
किल्ली दिली. कोणी घेतली नाही, मी दिली, ही नोंद असावी. योग्य वयात सोडणे यालाच वैराग्य म्हणतात.
चिरंजीवांनी फोनमधल्या बाईंना विचारून तासाभरात समुद्र दाखवला. मी मागच्या सीटवर, दोन पोरांच्या मधे, मांडीवर डबे. धाकटा चपलांसकट पाण्यात धावला, पाणी चाखले, थुंकले आणि मला ओरडून विचारले की याचे नाव काय. सोळा नावे शिल्लक होती. "समुद्र," मी म्हणालो.

२१ एप्रिल, सायंकाळी ६
परत. समुद्र अखेरपर्यंत उजव्या हाताला राहिला, हे माझ्या नियोजनाचे यश; कोणी बोलून दाखवले नाही.
चिरंजीवांनी गाडी एका दमात गेटमधून आत घेतली. खांब पुन्हा जागेवर गेलेला दिसतो.